‘ओके’ दाबा म्हणणाऱ्या लेखकमहाशयांस

प्रति,
नवशिक्यांना वेब पेज डिझाइन शिकवणारे लेखकमहाशय यांस,
मु. पो. पिशोर, ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर येथून एका गिऱ्हाइकाचा सादर नमस्कार, विनंती विशेष.

पत्र असे चव्हाट्यावर लिहावे लागते आहे, कारण आपल्या पुस्तकावर आपला पत्ता नाही. ई-मेल छापला आहे, त्यावर पाठवलेले पत्र परत येते. वेबसाइटही छापली आहे, ती उघडत नाही. वेबसाइट कशी करावी हे शिकवणाऱ्या पुस्तकाचीच वेबसाइट उघडू नये, इतकी निस्पृहता आजकाल पाहायला मिळत नाही.

पुस्तकाचे नाव मी घेणार नाही. औरंगपुऱ्यातल्या दुकानांत त्याची चुलत-मावस भावंडे फळी भरून उभी आहेत, तेव्हा ज्याला लागायचे त्याला लागेलच.

आता माझी ओळख. पिशोरात माझे झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचे दुकान आहे. हा अंजना नदीकाठचा, अद्रकाचा मुलूख. अद्रकाला भाव आला की इथे ट्रॅक्टरची चौकशी सुरू होते आणि भाव पडला की माझ्याकडे कर्जाच्या फॉर्मची. उन्हाळ्यात लागवडीच्या आधी जो तो विचारत असतो: चांगले बेणे कोणाकडे आहे, माहीम जातीचे आहे की दुसरे, कंदकूज नसलेल्या वावरातले आहे का? उत्तरे व्हॉट्सॲपवर येतात आणि तासाभरात वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जातात. म्हणून म्हटले, एक साधे पान करावे. बेणे कोणाकडे, किती, आणि कंदकूज दिसली तर काय करावे. मराठीत, फोनवर वाचता येईल असे. मागणी एवढीच होती. आपल्या मुखपृष्ठावर तर पृथ्वीचा गोल होता, त्यातून विजा निघत होत्या आणि वर ‘नवशिक्यांसाठी अत्यंत सोप्या भाषेत’ असे लाल अक्षरांत लिहिले होते.

पहिल्या प्रकरणात आपण मला थेट चार्ल्स बॅबेजच्या फोटोपुढे उभे केलेत. मग ॲबॅकस, एनिॲक, व्हॅक्यूम ट्यूब, संगणकाच्या पाच पिढ्या, इनपुट डिव्हाइस, आउटपुट डिव्हाइस, इंटरनेटचे फायदे व तोटे. एवढी वंशवेल ऐकवून झाल्यावर ज्या माणसाने हे वेब नावाचे प्रकरण उभे केले, त्या टिम बर्नर्स-ली यांच्या वाट्याला दीड ओळ आली, आणि तीत त्यांचे आडनाव ‘बर्नार्ड’ झाले. बिचाऱ्याने १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत आपली कल्पना कागदावर मांडली. १९९१ मध्ये वेब बाहेरच्या जगाला खुले झाले, तेव्हा पाने लिहायच्या त्यांच्या एचटीएमएल या भाषेत जेमतेम दीड डझन टॅग होते. मथळा, परिच्छेद, यादी, दुवा, असे रोजच्या कामाचे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सगळे जगाला फुकट देऊन टाकले. ना परवाना, ना फी. म्हणजे पिशोरच्या पोराला नोटपॅड उघडून पान करायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. या विषयातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच, पण तिला आपल्या पुस्तकात जागा उरली नाही. व्हॅक्यूम ट्यूबने जागा खाल्ली असावी.

त्याऐवजी आपण पूर्ण रूपे दिलीत. एचटीएमएलचे पूर्ण रूप, एचटीटीपीचे पूर्ण रूप, यूआरएलचे, आयएसपीचे, मोडेमचेसुद्धा. प्रकरणाच्या शेवटी स्वाध्याय: पूर्ण रूपे लिहा, रिकाम्या जागा भरा, योग्य जोड्या जुळवा. ‘एक पान तयार करा’ हा प्रश्न मला कुठेही सापडला नाही. एमएस-सीआयटीच्या निमित्ताने तालुक्यातल्या गावागावांत संगणक येऊन पोचला, पोरांचा माउस धरायचा हात बसला, आता पुढे काय म्हणून ती आपल्यासारख्यांचे पुस्तक उघडतात आणि जोड्या जुळवत बसतात. त्यांना जगातल्या सगळ्या संक्षेपांची पूर्ण रूपे येतात. पान करता येत नाही.

मग आला जॉन. आपल्या पुस्तकातल्या प्रत्येक उदाहरणात हा जॉन आहे. ‘माय नेम इज जॉन’, ‘वेलकम टू माय होमपेज’, ‘आय लाइक फुटबॉल’. पुस्तक मराठीत, लेखक मराठी, प्रकाशक मराठी, वाचणारा पिशोरचा, आणि पान कायम जॉनचे. आमच्या शेजारची अकरावीतली पोरगी दुकानात बसून आपले पुस्तक वाचत असते. तिने एकदा सगळी पाने उलटून पाहिली आणि विचारले, “काका, पुस्तक मराठीतलं, मग ह्यातलं एकपण पान मराठीत कसं नाही?” मी म्हटले, जॉनला मराठी येत नसेल. पण हा प्रश्न खरे तर आपल्याला होता, म्हणून इथे पोचता करतो.

टॅगांविषयी आपण सढळ हाताने लिहिलेत हे मात्र कबूल केले पाहिजे. ‘फॉन्ट’ टॅगला अख्खे प्रकरण. ‘सेंटर’ला स्वतंत्र मथळा. अक्षरे डावीकडून उजवीकडे पळवणाऱ्या ‘मार्की’चे तर आपण इतके कौतुक केले आहे की ती पळवल्याशिवाय पान पुरे होत नाही असे वाटावे. मुखपृष्ठावर ‘एचटीएमएल ५ सह सुधारित आवृत्ती’ असे छापले आहे. ‘फॉन्ट’ आणि ‘सेंटर’ वापरू नका, रंगरूपाचे काम सीएसएसवर सोपवा, असे एचटीएमएल ४ ने डिसेंबर १९९७ मध्येच सांगितले होते. सीएसएसची पहिली शिफारस तर त्याच्याही वर्षभर आधीची, डिसेंबर १९९६ ची. एचटीएमएल ५ ची शिफारस २०१४ ची, आणि तिने या टॅगांची नावेच कालबाह्यांच्या यादीत टाकली आहेत. म्हणजे सुधारणा झाली ती मुखपृष्ठाची. सीएसएस आपल्याकडे शेवटच्या प्रकरणात ‘अधिक माहितीसाठी’ म्हणून येते आणि माहिती द्यायच्या आत पुस्तक संपते.

अक्षरे लुकलुकवणारा ‘ब्लिंक’ टॅगही आपण शिकवता. तो नेटस्केपने आणला होता. क्रोमने तो कधी मानलाच नाही आणि फायरफॉक्सने २०१३ मध्ये काढून टाकला. त्या पोरीने आपल्या पुस्तकाबरहुकूम तो लिहिला आणि अक्षर कधी लुकलुकते म्हणून पडद्याकडे बघत बसली. डोळे तिचे लुकलुकले, अक्षर नाही.

पण आपण सापडत का नाही, हे माझ्या ध्यानात आले आहे. एचटीएमएलचा स्वभावच तसा सोशिक. टॅग बंद करायचा राहिला, ब्राउझर सांभाळून घेतो. तीस वर्षांपूर्वीचा टॅग टाकला, जुनी पाने मोडू नयेत म्हणून तोही बहुतेक वेळा दाखवतो. गणितात उत्तर चुकले की भोपळा मिळतो. इथे चुकीचे लिहूनही पान दिसते. दिसले की शिकणाऱ्याला वाटते जमले, आणि शिकवणाऱ्याचे फावते. ब्राउझरच्या या चांगुलपणावर आपण आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढल्यात. मात्र तीन-चार ठिकाणी हा सोशिकपणा संपतो, आणि आपली खरी कामगिरी तिथेच आहे.

पहिली कामगिरी फाइल साठवण्याची. आपण लिहिले आहे की नोटपॅडमध्ये मजकूर टाइप करून फाइल सेव्ह करावी, आणि (हे शब्द मी आपल्याच पुस्तकातून उतरवतो आहे असे समजा) काही सूचना आल्यास ‘ओके’ दाबावे. ती काही सूचना म्हणजे काय, हे आपण वाचले असते तर बरे झाले असते. जुना नोटपॅड फाइल ‘ॲन्सी’ नावाच्या पद्धतीने साठवायला बघतो आणि त्या पद्धतीत देवनागरी बसत नाही. म्हणून तो बापडा शिस्तीत विचारतो, की बाबा, यातली अक्षरे नष्ट होतील, चालेल का? आपण म्हणता, ओके दाबा. दाबले. बेण्याची अख्खी यादी, शेतकऱ्यांची नावे, कंदकुजीची माहिती, सगळ्याची प्रश्नचिन्हे झाली. एकामागून एक, ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे. फाइल बंद करून पुन्हा उघडली तरी तीच. खाली ‘एन्कोडिंग’ असे लिहिलेल्या चौकटीत ‘यूटीएफ-८’ निवडायचे आणि पानाच्या डोक्यात एका ओळीत तसे सांगायचे, एवढाच उपाय. २०१९ पासून विंडोज १० च्या नोटपॅडने आपल्या आपण यूटीएफ-८ धरायला सुरुवात केली. म्हणजे आपण जे शिकवले नाही ते शेवटी नोटपॅडलाच शिकून घ्यावे लागले. पण आमच्या भागातल्या दुकानांतले संगणक विंडोज ७ वर मजेत चालतात, आणि आपले पुस्तकही त्यांच्या शेजारीच ठेवलेले असते.

दुसरी कामगिरी फोटोची. फोटोचा पत्ता म्हणून आपण सी ड्राइव्हपासून डेस्कटॉपपर्यंतचा सगळा रस्ता लिहायला लावलात. गादीवाफ्यावरच्या अद्रकाचा फोटो माझ्या पडद्यावर झकास दिसला. पान इंटरनेटवर चढवले आणि तो पिशोर, नाचनवेल, करंजखेड, कुठेही दिसेना. माझ्या संगणकावरची मूळ फाइल उघडली तर तेवढा दिसतो. साहजिकच आहे, सी ड्राइव्ह माझ्या दुकानात आहे. पानाच्या शेजारी फोटो ठेवून नुसते नाव लिहायचे, हे एक वाक्य आपल्याला जड झाले. नाव लिहितानाही मेख आहे. कॅमेऱ्याने फाइलच्या नावात अक्षरे मोठ्या लिपीत टाकलेली असतात, आपण छोट्या लिपीत लिहायला सांगता. विंडोजला दोन्ही सारखेच. पण वेबसाइटी ज्या सर्व्हरवर राहतात ते बहुधा लिनक्सवाले, त्यांना मोठा ‘जे’ आणि छोटा ‘जे’ ही दोन वेगळी माणसे वाटतात. यावर आपले मौन आहे. ऋषितुल्य.

सोबतच्या सीडीवर आपण उदाहरणे दिलीत, पण वर्डच्या फाइलीत. वर्डला सरळ अवतरणचिन्ह दिसले की राहवत नाही, तो त्याला वेलांटी देऊन देखणे करतो. ते देखणे अवतरणचिन्ह नोटपॅडमध्ये चिकटवले की ब्राउझर त्याला फाइलच्या नावाचाच भाग समजतो आणि त्या नावाचा फोटो शोधत फिरतो. पोरगी अख्खी दुपार ओळीवर बोट ठेवून पुस्तक आणि पडदा ताडून बघत होती. अक्षर न् अक्षर बरोबर. फोटो नाही. दोन अवतरणचिन्हांतला फरक पडद्यावर गव्हातल्या खड्याहून बारीक दिसतो, आणि तो सांगायला आपण तिथे नव्हता.

तिसरी गोष्ट फोनची. ‘हे पान ८०० बाय ६०० वर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल’ असे पानाच्या तळाशी लिहावे, असा आपला सल्ला आहे. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निरोप दिला. आपल्याकडे निमंत्रण अजून चालू आहे. गावात पान उघडणार ते फोनवर, उन्हात, एका हाताने. पान फोनच्या रुंदीला बसवायला डोक्यात ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ लागते. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हापासून फोनचे ब्राउझर ती बघतात. ती नसली की फोन पानाला रुंद संगणकासाठी केलेले समजून सगळे आक्रसून दाखवतो. आपल्या पद्धतीने टेबलात टेबल आणि त्या टेबलात टेबल घालून केलेले पान मी एका शेतकऱ्याला दाखवले. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “भाऊ, अक्षरं वळवळतात नुसती. तूच वाचून दाखव.” मग पान कशाला केले?

आता मराठीविषयी. अगदीच काही लिहिले नाहीत असे नाही. परिशिष्टात चार ओळी आहेत: मराठी पान करायचे असल्यास ‘फॉन्ट फेस’मध्ये आपल्या मराठी फॉन्टचे नाव लिहावे. म्हणजे लग्नपत्रिकेला वापरतो तो जुन्या चालीचा फॉन्ट, ज्यात साठवलेली अक्षरे इंग्रजी असतात आणि अंगावर तेवढे मराठी कपडे चढवलेले असतात. छपाईला ते चालते, कागदाला काय कळते! पण दुसऱ्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसला की कपडे उतरतात आणि खालची निरर्थक इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. सर्च करणाऱ्याला ‘अद्रक’ सापडत नाही, कारण पानात तो शब्दच नसतो. एके काळी मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइटींवरही आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या अशी पाटी असायची, तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. पण प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ मध्येच, देवनागरीला तिचे हक्काचे घर मिळाले होते. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आला, तो घडवणारे र. कृ. जोशी म्हणजे मराठीतले कवी आणि सुलेखनकार. १९९६ मध्ये परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांनी ‘मायबोली’ उभी केली, २००३ च्या महाराष्ट्र दिनी मराठी विकिपीडिया सुरू झाला. ही सगळी मंडळी मराठी पाने करत सुटली होती आणि आपण परिशिष्टातल्या चार ओळींवर नव्या मुखपृष्ठाचा रंग निवडत होतात.

पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा सांगायची असते. मराठीचा संकेत ‘एमआर’ ही दोन अक्षरे. आपल्या प्रत्येक उदाहरणात तिथे ‘ईएन’ आहे, त्यामुळे आपल्या पुस्तकावरून केलेले प्रत्येक मराठी पान जगाला ‘मी इंग्रज आहे’ असे सांगत फिरते. दृष्टिहीन माणसाला पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मग मराठी मजकूर इंग्रजी नळीतून काढू पाहते. आणि ज्या फॉन्टांत तशी सोय आहे, त्यांत ‘एमआर’ लिहिले की ‘श’ देठाचा आणि ‘ल’ पाकळीचा होतो, नाहीतर हिंदी वळणाचा राहतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने हीच रूपे मराठीसाठी ठरवून दिली आहेत. शासनालासुद्धा जे सुचले ते आपल्याला सुचू नये म्हणजे कमाल झाली.

आणि ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द. आमच्या गावात सर्वांत जास्त लिहिला जाणारा. यातला ‘ऱ्या’ इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ दाबला की मिळतो, पुढे हलंत आणि ‘य’. हे माहीत नसलेला माणूस साधा ‘र’ घेतो आणि ‘शेतकर्यांना’ असे काहीतरी उभे राहते. फ्लेक्सवर, फॉर्मवर, वेबसाइटीवर, जिकडे पाहावे तिकडे हा मोडलेला शेतकरी दिसतो. आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतही एक आहे. पान पाचवे, तिसरी ओळ.

नवी आवृत्ती आपण काढणारच, तेव्हा एवढे करा: बॅबेजला निवृत्त करा आणि जॉनला त्याच्या गावी पाठवा. त्या जागेत क्रोममध्ये उजवे क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’ म्हटले की जगातल्या कुठल्याही पानाचे एचटीएमएल समोर उघडे होते, एवढे लिहा. ज्याच्याकडे संगणक नाही त्याने फोनवरच्या क्रोममध्ये पत्त्याच्या आधी ‘व्ह्यू-सोर्स’ आणि विसर्गासारखे दोन टिंब टाकले तरी भागते. हे सांगितल्यावर आपले पुस्तक कोण घेईल, ही भीती असेल तर सांगू नका.

इकडचे म्हणाल तर पोरीने पान केले आहे. टॅग थोडेच, मथळे, एक यादी, दोन फोटो, व्ह्यूपोर्टची ओळ, ‘एमआर’ आणि यूटीएफ-८. काहीही पळत नाही, लुकलुकत नाही. फोनवर उघडते. आपल्या पुस्तकातले तिने काय घेतले असे विचाराल, तर अनुक्रमणिका पाहून काय काय करायचे नाही ते ठरवले.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे.

आपला,
पिशोरचा एक गिऱ्हाईक

ता. क. सोबतची सीडी वाया गेली असे समजू नये. आमच्या मक्याच्या वावरात दोरीला बांधली आहे. उन्हात अशी चकाकते की पोपट कणसावर बसत नाहीत. पुढच्या आवृत्तीसोबत दोन देता आल्या तर बघावे, बांध लांब आहे.